मदत हवी आहे: पाणी-वाळू सोसणारा फिल्म कॅमेरा

लाटकरी: पाणी, वाळू, आपटणं सगळं सोसेल असा फिल्म कॅमेरा हवाय. वीस दिवसांत निघायचंय. मागच्या खेपेला कॅमेऱ्यात पाणी शिरलं आणि अख्खा रोल हातचा गेला. पटकन नाव सांगा. डिजिटल सुचवू नका, प्लीज.

रीळवेडा: निकोनॉस ५, निकॉनचा पाण्याखालचा फिल्म कॅमेरा. डोळे झाकून घ्या. ५० मीटर खोल चालतो. सेल संपले तरी १/९० सेकंदावर शटर पडतं.

खारावारा: डोळे झाकून कसं? फोकस अंदाजानेच लावावा लागतो, अंतर चुकलं की फोटो गेला. आणि लाटकरी, किती खोल जाणार तेच सांगितलं नाहीत!

लाटकरी: कायाक आहे हो. कधी उलटते, तेवढंच. बुडी मारत नाही. एक हात वल्ह्यावर असतो.

खारावारा: मग कॅननचा शुअर शॉट ए-१ बघा. ५ मीटरपर्यंत चालतो, ऑटोफोकस आहे, रीळ आपोआप सरकतं.

रीळवेडा: ऑटोफोकसवाल्याचे सेल संपले की दगड! निकोनॉस घ्याल तर ३५ मिमी लेन्सचाच घ्या. २८ मिमी फक्त पाण्याखालची आहे, हवेत फोटो धूसर येतात.

हिमवाट: बर्फातून उबदार खोलीत येताना कॅमेरा आधी पिशवीत बंद करा, नाहीतर आत दव धरतं. कडक थंडीत रीळ हळू गुंडाळा, फिल्म तुटते.

लाटकरी: बर्फ नाहीये...

जुनीकाच: निकोनॉसचं मूळ म्हणजे समुद्रसंशोधक कूस्तोंच्या पुढाकाराने झालेला कॅलिप्सो कॅमेरा. निकॉनने तो १९६३ पासून बनवला. शेवटचा निकोनॉस २००१ पर्यंत निघत होता.

खारावारा: म्हणजे आज मिळेल तो जुनाच, आणि रबर त्याहून जुनं. खोलीचे आकडे नव्या कॅमेऱ्याचे असतात. ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं ते रबरी कडं, बोटांनी चिमटून वर काढा, टाचणी लावू नका. रिंग बसते ती खाच पुसा, एक केस राहिला तरी पाणी शिरतं. सिलिकॉन ग्रीस नुसती चमक येईल इतकंच. जास्त लावलंत तर वाळू चिकटते. मग आत कोरडा टिश्यू ठेवून रिकामा कॅमेरा अर्धा तास बादलीत बुडवा.

लाटकरी (चार दिवसांनी): जुना ऑटोफोकसवाला मिळाला. टिश्यूचा एक कोपरा ओला निघाला. रिंग चपटी पडलीय. नवी कशी मागू?

खारावारा: बरं झालं बादलीत कळलं! जुनी रिंग ताणून मोजू नका. खाचेची रुंदी, खोली आणि आतला व्यास व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) घ्या, त्या मापाची नायट्राइल रबराची रिंग मागा. बसवली की पुन्हा बादली.

रीळवेडा: वेळेत नाही मिळाली तर कोडॅकचा पाण्यातला डिस्पोजेबल, म्हणजे एकाच रिळापुरता कॅमेरा, न्या. १५ मीटरपर्यंत चालतो, आत ८०० आयएसओची (प्रकाशाला जास्त संवेदनशील) फिल्म. निकोनॉसचं तुम्ही परत आल्यावर बघू.

लाटकरी: दोन डिस्पोजेबल घेतले. मापं घेऊन रिंग शोधायला निघालेय.