व्हिडिओ टेपनेच जुना टीव्ही पुसला!

रीळवाला: एप्रिल १९५६ मध्ये अँपेक्स या अमेरिकन कंपनीने शिकागोत व्हिडिओ टेपचं यंत्र दाखवलं, त्याचे गोडवे सगळेच गातात. मला मात्र त्यात मोठं नुकसान दिसतं. आधी टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून कार्यक्रम टिपायचे, म्हणजे किनेस्कोप. चित्र मळकट, पण एकदा धुतलेल्या फिल्मवर दुसरं काही चढवता येत नाही. टेप म्हणजे पाटी. बीबीसीने साठच्या दशकातले 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचे कितीतरी भाग पुसले. त्यातले जे उरले, ते बहुतेक परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिमी फिल्ममुळे.

हेडरूम: साफ अमान्य! टेप हवी होती ती वेळ सांभाळायला. घड्याळातल्या फरकामुळे न्यूयॉर्कचा कार्यक्रम तीन तासांनी लॉस एंजेलिसला दाखवायचा, तेवढ्यात फिल्म धुऊन तयार करायची, ही रोजची धावपळ होती. ३० नोव्हेंबर १९५६ ला सीबीएस या अमेरिकन वाहिनीने डग्लस एडवर्ड्सचं बातमीपत्र पश्चिम किनाऱ्यावर टेपवरून दाखवलं आणि ती संपण्याची सोय झाली.

आणि ते साधलं कसं, तेही बघा. चित्र टिपायला टेप आणि हेड (टेपवर मुद्रण करणारा भाग) एकमेकांवरून फार वेगाने सरकावे लागतात. म्हणून आरसीए कंपनीने टेप सेकंदाला ३० फूट पळवून पाहिली. बीबीसीच्या 'व्हेरा' यंत्रात ती सेकंदाला २०० इंच धावायची, तरी रीळ १५ मिनिटांत संपायचं. अँपेक्सच्या चार्ल्स गिन्सबर्गच्या चमूने (तेविशीतला रे डॉल्बी त्यातलाच) टेप १५ इंचांवर ठेवून हेडच फिरवली. चार हेडची चकती, मिनिटाला १४,४०० फेरे, दोन इंची टेपवर आडव्या रेघा. मला तर हे आजही थक्क करतं. तासाभराची टेप सुमारे ३०० डॉलरला पडायची. परत वापरता येत होती म्हणूनच परवडली.

रीळवाला: मग हा माझाच मुद्दा झाला की. इतकी महाग वस्तू, वर पुसायची सोय. कोण जपून ठेवणार?

कंट्रोलरूम: एक भर घालतो. सुरुवातीला ज्या हेडवर मुद्रण केलं, त्याच हेडवर टेप नीट चालायची. हेड झिजून बदललं की जुनी टेप कपाटात असून नसल्यासारखी.

रीळवाला: ती अडचण थोड्याच वर्षांत सुटली. बीबीसी सत्तरच्या दशकातही पुसतच होती!

हेडरूम: कारण कलाकार संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रसारणावर मर्यादा होत्या. पुन्हा दाखवता न येणारी टेप त्यांच्या लेखी अडगळ. जाब विचारायचा तर ते करार करणाऱ्यांना विचारा, गिन्सबर्गला नको.