आत्याकडून वारशाने आलेली बिडाची कोळशाची शेगडी: पेटवावी की नुसती जपावी?

अजनीकर (प्रश्न)

नमस्कार. माझी आत्या गेल्या उन्हाळ्यात वारली. तिला मूलबाळ नव्हते आणि आतोबा तिच्या आधीच गेले होते. धरमपेठेतील तिच्या घराच्या मागच्या पडवीत इंग्रजी घडणीची, बिडाची, भट्टी असलेली कोळशाची शेगडी आहे. आतोबा सरकारी नोकरीत असताना चिखलदऱ्याच्या एका बंगल्यातील सामानाच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती. ही शेगडी मला द्यावी, अशी आत्याच्या अक्षरातील, तिची सही असलेली चिठ्ठी घर आवरताना भट्टीतच सापडली.

शेगडीवर दोन गोल झाकणे आहेत. डावीकडे निखाऱ्यांचा कप्पा, त्याखाली जाळी आणि राखेचा खण आहे, उजवीकडे भट्टी असून मागे धुराड्याची गोल बैठक आहे. भट्टीच्या दाराची मूठ चिनीमातीची आहे आणि रोजच्या वापराने तिची चकाकी एका बाजूने पूर्ण गेली आहे. दोन पावसाळे पडवीत नुसती पडून राहिल्यामुळे पाठीमागे तांबेरा चढला आहे आणि डाव्या झाकणाशेजारी एक बारीक रेघ दिसते. तो तडा आहे की नुसता ओरखडा, हे मला ओळखता येत नाही. ओळखीच्या एका गृहस्थांनी वाळूचा मारा करून वर सोनेरी रंग देण्याचा सल्ला दिला, पण माझे मन त्याला तयार नाही. मी अजनीत तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये राहतो. धाकट्या भावाचे काटोलजवळ संत्र्याच्या बागेत घर आहे. दिवाळीत आत्या या भट्टीत नानकटाई करीत असे आणि ती पुन्हा व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना फिटर

अजनीकर, वाळूचा मारा करू नका, हे सर्वांत आधी सांगतो. ओतकामाच्या वेळी बिडावर जी घट्ट कातडी धरते, तीच त्याचे गंजापासून काही अंशी रक्षण करते. जोराच्या माऱ्याने ती जाते, वेलबुट्टीच्या कडा बोथट होतात आणि उघडे पडलेले बीड नागपूरच्या पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा तांबूस होते. तारेचा ब्रश, बारीक पोलादी लोकर आणि थोडे रॉकेल एवढ्यावर वरवरचा तांबेरा निघतो. पाणी वापरू नका, आणि तापलेल्या शेगडीवर तर थेंबही पडू देऊ नका, कारण बीड एकाएकी आकसले की तडकते.

रेघेची परीक्षा घरीच करता येते. तो भाग पुसून त्यावर रॉकेल लावावे, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसावे आणि वर खडूची पूड घासावी. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल पुन्हा वर येते आणि पांढऱ्या पुडीत ओली काळपट रेघ उमटते. ओरखडा असेल तर पूड कोरडीच राहते. तडा निघाला तरी घाबरू नये. वरच्या पत्र्यावरचा लहान तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडतात. निखाऱ्यांच्या कप्प्यात तडा असेल तर मात्र निकेलच्या कांडीने सांधणारा अनुभवी वेल्डर शोधावा लागेल. त्याने काम करण्यापूर्वी भाग हळूहळू तापवला पाहिजे आणि नंतर तो गरम राखेत पुरून सावकाश थंड होऊ दिला पाहिजे. एवढा वेळ द्यायला जो तयार नसेल, त्याच्या हाती शेगडी देऊ नये.

आणखी एक गोष्ट. दारांच्या खाचेत पांढरट, तंतुमय दोरी बसवलेली दिसली, तर ती ॲस्बेस्टॉसची असण्याची शक्यता धरूनच चालावे. ती कोरडी असताना खरवडू नये, कारण तिचे तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात. चांगला मास्क लावावा, दोरी पूर्ण भिजवून काढावी, पिशवीत बंद करावी आणि तिच्या जागी काचधाग्याची दोरी बसवावी.

शेवटी सर्वांगाला जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि जास्तीचे तेल पुसून घ्यावे. आपल्या विदर्भात जवस पिकतो, तेव्हा तेल मिळण्याची अडचण नाही. मात्र तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळून ठेवलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. आपल्या मे महिन्यात तर हा धोका अधिकच. फडकी मोकळी पसरून वाळवावीत.

रामदासपेठ

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून एवढेच परंतु आग्रहाने सांगते की फ्लॅटमध्ये ही शेगडी पेटवू नका, खिडक्या उघड्या ठेवूनही नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा सुमारे 200 पट अधिक घट्ट चिकटतो. लोणारी कोळशाचा धूर दिसत नाही म्हणून तो सुरक्षित आहे, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. डोके दुखणे, मळमळणे, झोप येणे ही लक्षणे थकव्यासारखीच असतात आणि माणूस उठून बाहेर जाण्याऐवजी आडवा होतो. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबेच्या कुटुंबे अशीच दगावली आहेत. काटोलला उघडी पडवी आणि नीट धुराडे असेल, तर गोष्ट वेगळी.

महालातली आजी

बाळा, अशा भट्टीत मी पुष्कळ भाजले आहे. दगडी कोळसा वापरू नकोस. आपल्याकडच्या कोळशात राख फार, त्यामुळे जाळी लवकर तुंबते आणि जिनसांना वासही लागतो. लोणारी कोळसा घ्यावा. पेटवताना धुराड्याची झडप पूर्ण उघडी ठेवायची आणि निखारे लाल झाल्यावरच ती थोडी ओढायची, म्हणजे ऊन वारा थेट वर न जाता भट्टीभोवती फिरून जातो. पूर्ण बंद मात्र कधीच करायची नाही. भट्टीची निखाऱ्यांकडची बाजू नेहमी जास्त तापते, त्यामुळे नानकटाईचे ताट अर्ध्यावर फिरवावे लागते. मूठ एका बाजूने झिजली आहे म्हणतोस, म्हणजे तुझी आत्या ताट फिरवायला दार वरचेवर उघडत असणार.

सिव्हिल लाइन्स

चिठ्ठीबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, नोंदणीही सक्तीची नाही. परंतु 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार त्यावर किमान 2 साक्षीदारांच्या सह्या लागतात. आपण फक्त आत्याबाईंच्या सहीचा उल्लेख केला आहे. त्या हिंदू असतील आणि चिठ्ठी मृत्युपत्र म्हणून टिकली नाही, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मूलबाळ नसलेल्या विधवेला पतीकडून आलेली वस्तू पतीच्या वारसांकडे जाते, माहेरी नाही. शेगडी आतोबांनी घेतली होती, तेव्हा त्यांच्या पुतण्यांशी आधी बोलावे आणि त्यांची संमती दोन ओळींत लिहून घ्यावी. नात्यात कटुता येण्यापेक्षा हे सोपे आहे.

अजनीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आतोबांच्या दोन्ही पुतण्यांना फोन केला; थोरल्यांनी आनंदाने होकार दिला आणि संमती लिहून देण्याचेही मान्य केले, धाकटे रविवारी भेटणार आहेत. खडूची परीक्षा केली, पूड कोरडीच राहिली. शेगडी काटोललाच न्यायचे ठरते आहे. तेथील पडवीवर टिनाचे छप्पर आहे. फिटरकाका, धुराडे किती उंच न्यावे आणि शेगडी नेताना काय सांभाळावे?

जुना फिटर

छपराच्या सर्वांत उंच भागापेक्षा किमान 2 फूट वर न्यावे आणि वर पावसाची टोपी बसवावी. पाइप टिनातून जातो तेथे आसपास लाकडी वासा नसावा. नेताना झाकणे, जाळी आणि राखेचा खण आधी काढून वेगळे गुंडाळावे, दार सुतळीने बांधावे आणि शेगडी खालून धरून उभीच न्यावी. मुठीला किंवा दाराला कोणालाही हात लावू देऊ नका. तेथे पोचल्यावर पहिल्या दिवशी मूठभर कोळशाचीच धग द्यावी, दुसऱ्या दिवशी थोडी वाढवावी आणि भट्टीत ताट तिसऱ्या दिवसानंतर सरकवावे.