मदत हवी आहे: रेकॉर्डिंग सुरू केलं की गेम अडखळतो

नुसता खेळताना रेसिंग गेम ४५-५० एफपीएसवर (सेकंदाला इतक्या फ्रेम्स) छान चालतो. ओबीएसमध्ये (स्क्रीन रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर) रेकॉर्डिंग सुरू केलं की २५ वर येतो. व्हिडिओ तर त्याहून वाईट: वळणावर चित्र गोठतं, इंजिनाचा आवाज चालूच राहतो आणि पुढच्या क्षणी गाडी एकदम भिंतीला टेकलेली दिसते.

लॅपटॉप जुना आहे. दोन कोअरचा प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, एसएसडी, विंडोज १०.

आधी एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा व्हिडिओ एन्कोडर) अल्ट्राफास्ट या सर्वात हलक्या सेटिंगवर ठेवून पाहिलं, तेव्हा प्रोसेसर १०० टक्क्यांवर जायचा. मग ग्राफिक्स चिपमधला हार्डवेअर एन्कोडर निवडला. ओबीएसच्या स्टॅट्समध्ये एन्कोडिंग लॅग (व्हिडिओ बनवताना मागे पडणं) जवळजवळ शून्यावर आला, पण रेंडरिंग लॅगमुळे (ग्राफिक्सला फ्रेम वेळेत तयार न करता येणं) सुटणाऱ्या फ्रेम्स १८ टक्क्यांवर गेल्या. म्हणजे आता ताण ग्राफिक्सवर आहे, असं मला वाटतं. ७२०पी, ३० एफपीएस, डिस्प्लेऐवजी गेम कॅप्चर, ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणं, प्रीव्ह्यू बंद, ब्राउझर बंद, हे सगळं करून झालंय. चार्जर लावलेलाच असतो. गेम ३० एफपीएसला लॉक केल्यावर थोडा फरक पडला (१८ वरून ११ टक्के), पण तेवढ्याने भागत नाही.

नवा कॉम्प्युटर किंवा कॅप्चर कार्ड सध्या शक्य नाही. रॅमचा एक स्लॉट मात्र रिकामा आहे. इनबिल्ट ग्राफिक्स रॅमच वापरतं, तर तशीच दुसरी स्टिक टाकून ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) केल्याने रेंडरिंग लॅग खरोखर कमी होतो का? कुणी स्वतः आधी-नंतरचे आकडे पाहिलेत का?