पनवेल ते कन्याकुमारी सायकलने: कोचीतला सुट्टीचा दिवस कुठे आणि कसा घालवावा?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण डिसेंबरात पनवेलहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारीला जाणार आहोत. सगळं सामान सायकलवर, सोबत गाडी नाही. एक दिवस पूर्ण सुट्टी कोचीत घ्यायची ठरवलीय. मैत्रीण म्हणते, एर्नाकुलमला स्टेशनजवळ राहू, सगळं हाताशी मिळेल. मला फोर्ट कोचीची ओढ आहे. शिवाय त्या दिवशी फिरावं की नुसतं लोळावं, यावरही एकमत नाही. दोघी पन्नाशीच्या आहोत. जाऊन आलेल्यांनी सांगा.

किनाराकर:
ताई, फोर्ट कोचीलाच राहा. कोडुंगल्लूरहून महामार्ग ६६ धरून उत्तर परवूरपर्यंत या आणि तिथून चेराईकडे वळा. पुढे वायपिन बेट संपेपर्यंत रस्ता सपाट आहे. अरुंद आहे आणि खासगी बस जोरात येतात, तेव्हा आरसा लावाच. बेटाच्या टोकाला रो-रो, म्हणजे वाहनं नेणारी बोट मिळते. सायकल ढकलत चढायचं, काही मिनिटांत पलीकडे. उतरलात की शेजारीच मासे पकडायची ती प्रसिद्ध चिनी जाळी. महामार्गावरच्या एडप्पळ्ळीची गर्दी पूर्ण टळते. निघतानाही चेल्लानमवरून किनाऱ्याचा रस्ता आलप्पुळ्याकडे नेतो, शहरात शिरावंच लागत नाही. सुट्टी त्या रो-रोवरच सुरू होते, एर्नाकुलमला राहून ती घालवू नका.

सकाळी आधी कपडे. वेली भागात धोबीखाना आहे. डचांच्या काळात आलेल्या तमिळ वण्णान कुटुंबांचे वंशज आजही तिथे हाताने कपडे धुतात. थोडा वेळ उभं राहून बघा, त्या कष्टांपुढे आपली पायपीट काहीच वाटत नाही. जर्सी, टॉवेल द्या. गादीवाल्या शॉर्ट्स मात्र देऊ नका, खळ आणि कडक इस्त्री त्यांना मानवत नाही. त्या खोलीवरच धुवा आणि उलट्या वाळत घाला.

मग सायकल. चेनमध्ये मीठ आणि रेती बसलेली असणार, वर महामार्गाच्या कामाची धूळ. जुन्या टूथब्रशने थोडं डिझेल लावून घासा, कोरडी होऊ द्या, कडीकडीवर तेलाचा थेंब सोडा आणि बाहेरचं तेल पुसून टाका. हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) पाण्याचा फवारा मारू नका, ग्रीस निघून जातं. टायरमध्ये रुतलेल्या काचा टाचणीने काढा. कॅरिअरचे स्क्रू आवळा, पॅनिअरच्या (बाजूला टांगलेल्या पिशव्यांच्या) वजनाने ते सैल होतातच.

अकराच्या सुमारास सामान नसलेल्या सायकलवर मट्टनचेरीला जा, जेमतेम दोनेक किलोमीटर. तिथला डच पॅलेस मुळात पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास कोचीच्या राजाला बांधून दिलेला, डचांनी नंतर दुरुस्त केला. भिंतींवर रामायण रंगवलंय, त्याला निवांत वेळ द्या. मग जेवून झोपा. त्या झोपेच्या आड काही येऊ देऊ नका.

पायवाट:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून लोळण्याच्या बाजूने बोलते. स्नायूंतला साखरेचा साठा पुरता भरायला साधारण २४ तास आणि पोटभर जेवण लागतं. 'आज सायकल नाही, तर कमी खाऊ' हे अजिबात करू नका. सकाळी पुट्टू-कडला (वाफवलेलं तांदळाचं पीठ आणि हरभऱ्याची उसळ), दुपारी मट्टा तांदळाचा भात, मधे नेंद्रन केळी. सीटवर घासलं असेल तर दिवसभर सैल सुती कपडे घाला, जागा कोरडी ठेवा. दुखरी गाठ आणि ताप दोन्ही असतील तर पुढे न जाता डॉक्टरांना दाखवा.

दर्यावर्दी_वेंगुर्ला:
मट्टनचेरीत चेर्लायलाही चक्कर मारा. पोर्तुगीज काळात गोव्यातून गेलेल्या गौड सारस्वतांची वस्ती आहे, कोकणी अजून घरात बोलतात. तिरुमला देवस्वम हे त्यांचं मोठं देऊळ. मी एका दुकानात मालवणीत विचारलं, ''बरा जेवाण खंय मेळात?'' आजींनी आधी बसवून पाणी दिलं, मग गाव विचारलं, मग घरातल्या सगळ्यांना हाक मारली. इतक्या लांब आपली बोली कानावर पडली की थकवा निम्मा होतो.

गोदाकाठ:
किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी! मैत्रिणीला वाचून दाखवलं, फोर्ट कोची नक्की झालं. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोचू, शनिवार सुट्टी.

किनाराकर:
मग शनिवारी पॅलेस बघा. तो शुक्रवारी बंद असतो, त्यामुळे दिवस बरोबर पडलाय. मट्टनचेरीतलंच १५६८ सालचं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मात्र शनिवारी बंद. ते चुकवू नका असं मनापासून सांगतो, निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा हाताने रंगवलेल्या आहेत, एकीसारखी दुसरी नाही. रविवारी सकाळी उघडल्या उघडल्या बघा आणि तिथूनच निघा. त्यासाठी गुडघे झाकणारे कपडे सामानात वरच ठेवा. आलप्पुळा पन्नासेक किलोमीटर, सगळं सपाट. चेल्लानमच्या पुढे सावली कमी आहे, पाण्याच्या बाटल्या भरूनच निघा.