प्रसूती रजेचा पगार मालकानेच का भरायचा?

धागाकर्ता:
21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1961 चा मातृत्व लाभ कायदा तिच्यात गेला. 26 आठवड्यांची भरपगारी रजा तशीच राहिली, हे उत्तमच. पण ती कुणाच्या खिशातून जाते, हेही तसंच राहिलं. माझं चौदा माणसांचं छपाईचं युनिट आहे. अकाउंटंट मॅडम रजेवर गेल्या, पगार 32,000. सहा महिन्यांचे 1,92,000 मी दिले, वर बदली माणसाचा पगार. दिले याचं दुःख नाही. पण पुढची जागा भरताना भागीदार म्हणाला, "या वेळी पुरुषच बघू." त्याला गप्प बसवलं, तरी त्याचा हिशोब काही मला खोडता आला नाही.

प्रतिसाद 1 (कामगारांच्या केसेस चालवते):
असहमत. पैसा हे निमित्त असतं हो. माझ्याकडे एक बाई आल्या, पगार 17,000. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा होता, म्हणजे रजेचा पगार विमा महामंडळ देणार, मालकाला भुर्दंड शून्य. चौथ्या महिन्यात त्यांनी ऑफिसात सांगितलं. दुसऱ्या दिवशी टाइप केलेला राजीनामा टेबलावर हजर, सही करायच्या जागी पेन्सिलने फुली! रजेवर असताना काढणं बेकायदा, म्हणून आधीच लिहून घ्यायचं.

धागाकर्ता:
ताई, फुलीचं वाचून फार वाईट वाटलं. तरी माझा मुद्दा सोडत नाही. ईएसआयची महिना 21,000 पगाराची मर्यादा 2017 मध्ये लागू झाली, आमच्या मॅडम तिच्या बाहेर. ईएसआयत मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के बाई-पुरुष न बघता कापले जातात, म्हणून तिथे बाईला घेतलं तर जास्तीचं काही पडत नाही. रजेपुरता तरी असाच निधी सगळ्या पगारांना लावा. माझा वाटा मी दर महिन्याला भरेन.

प्रतिसाद 2:
दोघांच्याही बोलण्यात बाप कुठेच नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात, खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. माझं सिझेरियन झालं आणि तिसऱ्या दिवशी नवरा कामावर. बाळ रडलं की टाके धरून, कुशीवर वळून उठायचं, तेही एकटीने. पुरुषालाही सक्तीची रजा द्या. मग "पुरुषच बघू" म्हणणारे भागीदार काय बघणार?

प्रतिसाद 1:
हे पटलं. दादा, निधीलाही माझा विरोध नाही, पण तो होईल तेव्हा होईल. त्या बाईंनी सही केली नाही. तो कागद तसाच पर्समध्ये घालून माझ्याकडे आल्या, आणि आम्ही नोटिशीला त्याचीच प्रत जोडली. पंधरा दिवसांत रजा मंजूर झाली.