वाल्यालाही वारूळ चढेपर्यंत बसावं लागलं

गुंड सुधारतो अशा ख्रिस्ती धार्मिक सिनेमांबद्दल एक तक्रार असते, की त्यांत गुंड शेवटच्या दहा मिनिटांत रडतो आणि संत होतो. तक्रार बरीचशी खरी आहे. तरी १९७० चा 'द क्रॉस अँड द स्विचब्लेड' एकदा बघाच. खरी गोष्ट आहे: पेनसिल्व्हेनियातल्या लहान गावचा पाद्री डेव्हिड विल्करसन १९५८ मध्ये न्यूयॉर्कला येतो आणि 'माउ माउ' या गुंड पोरांच्या टोळीतल्या निकी क्रूझला सुधारायच्या मागे लागतो. पॅट बून या नटाने केलेला पाद्री फारच धुतल्या तांदळासारखा. (केसही विस्कटत नाहीत बुवाचे!) एरिक एस्ट्राडाचा हा पहिलाच सिनेमा, पण निकी त्याने जिवंत केलाय.

मला लक्षात राहिला तो दानाचा प्रसंग. भर सभेत विल्करसन पैसे गोळा करायचं काम थेट टोळीलाच देतो. पैसे हातात, पळायला वाट मोकळी. आणि निकी ते सगळे स्टेजवर नेऊन देतो. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विश्वास टाकला, बस. अख्ख्या प्रवचनापेक्षा मला हे जास्त पटलं.

खटकलं ते दुसरंच. पोर्तो रिकोहून आलेली ही पोरं टोळीत का शिरली, ती गरिबी, तो भेदभाव, याला सिनेमा जेमतेम शिवतो. पुढे विल्करसनने ब्रुकलिनमध्ये व्यसनी पोरांसाठी 'टीन चॅलेंज' केंद्र चालवलं. रोजचं, कंटाळवाणं, वर्षानुवर्षांचं काम. त्यावर सिनेमा कोणी काढला तर मी पहिल्या रांगेत.