प्रतिसाद: सीसीसीए, वेण्या की जनुकं?

सीसीसीए, म्हणजे माथ्यावर व्रण ठेवून कायमचे केस घालवणारा आजार, याच्या कारणाबद्दल या चर्चेत दोन टोकाची मतं आली आहेत: तो घट्ट वेण्यांनी होतो, किंवा तो निव्वळ घराण्यातून येतो. दोन्ही अर्धवट. माथ्याच्या मधोमध सुरू होऊन बाहेर पसरणारा, केसांची मुळं कायमची बुजवणारा हा प्रकार मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत दिसतो. २०१९ च्या अभ्यासात अशा ५८ जणींपैकी १४ जणींत पीएडीआय३ जनुकात बदल सापडले. म्हणजे बहुतेकींत नाहीत! या जनुकाचं एन्झाइम ट्रायकोहायलिन या प्रथिनात बदल घडवून केसाभोवतीचं आतलं आवरण कडक करतं. केसाला आकार देणारा साचाच तो. साचा कच्चा राहिला की ओढ आणि उष्णता जास्त बाधत असावी. (याच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर काही मुलांचे केस विंचरताच येत नाहीत.)

बहुतेकींत हे बदल नसतातच, त्यामुळे जनुक-चाचणीवर पैसे घालू नका, आजाराचं निदान त्यावर होत नाही. बायोप्सी (तपासणीसाठी काढलेला त्वचेचा तुकडा) मात्र नीट जागेची हवी: गुळगुळीत चट्ट्याच्या मधून घेतली तर नुसता व्रण दिसतो. डर्मोस्कोपमध्ये (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगात) केसाभोवती करडं-पांढरं वलय दिसेल तिथून, ४ मिमीच्या पंचने (गोल पोकळ पात्याने), केसाच्या तिरकेपणानुसार, थेट चरबीपर्यंत. आई-बहिणीच्या माथ्यावर विरळपणा असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.